हिरोसाकीचा साकुरा महोत्सव: बहराइतकीच निगा पाहण्यासारखी

जपानमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायला कुठे जावे, असे विचारले की बहुतेक प्रवासी कंपन्या टोकियो आणि क्योटो ही दोनच नावे सांगतात, आणि मार्चअखेरीस तिथे उसळणाऱ्या गर्दीत आता मराठी पर्यटकांचीही भर पडू लागली आहे. ती शहरे पाहावीतच. पण ज्यांना मुख्यतः फुलांसाठी जपान गाठायचे आहे आणि ज्यांना सुट्टीच्या तारखा तीन-चार आठवडे पुढे सरकवता येतात, त्यांनी होन्शू बेटाच्या उत्तर टोकाकडील आओमोरी प्रांतातल्या हिरोसाकी शहराचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. येथील साकुरा महोत्सव साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ५ मेपर्यंत चालतो. बऱ्याच वर्षी वीस लाखांहून अधिक लोक तो पाहायला येतात. एवढ्या मोठ्या गर्दीच्या उत्सवाबद्दल चांगलेच बोलायचे, तर त्याला तसेच सबळ कारण हवे. माझ्या दृष्टीने ते कारण म्हणजे येथील झाडांची निगा. फुले जपानभर आहेत. पण इतक्या वयाची झाडे इतक्या जोमाने, इतक्या हाताजवळ फुललेली मी अन्यत्र पाहिलेली नाहीत.

महोत्सव भरतो तो हिरोसाकी पार्कमध्ये, म्हणजे येथे पूर्वी राज्य करणाऱ्या त्सुगारू घराण्याच्या किल्ल्यात. हा किल्ला १६११ मध्ये बांधून पूर्ण झाला. त्याचा पाच मजली मुख्य मनोरा १६२७ मध्ये वीज पडून जळाला, आणि आज दिसतो तो तिमजली मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८१० च्या सुमारास उभा राहिला. आधुनिक काळात काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेले किल्ले जपानमध्ये पुष्कळ आहेत. मूळ लाकडी मनोरा शिल्लक असलेले किल्ले देशभरात केवळ बारा आहेत आणि तोहोकू या होन्शूच्या उत्तरेकडील विभागात तर हा एकच आहे. तीन खंदक, मातीचे उंच बांध, पाच जुने दरवाजे आणि तीन टेहळणी बुरूज अशी सुमारे ४९ हेक्टरांची ही जागा १८९५ मध्ये सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली. साकुरा मात्र त्याच्या पुष्कळ आधीपासून तेथे आहेत. १७१५ मध्ये दरबारातील एका सरदाराने क्योटोहून पंचवीस रोपे आणून किल्ल्यात लावली, अशी नोंद आहे. आज सुमारे पन्नास प्रकारची २,६०० च्या आसपास झाडे या आवारात आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य झाडे सोमेइ योशिनो या फिकट गुलाबी, जवळजवळ पांढऱ्या फुलांच्या जातीची आहेत.

या बहुसंख्य झाडांची सुरुवात १८८२ मध्ये झाली. किकुची तातेए नावाच्या, पूर्वी त्सुगारूंच्या पदरी असलेल्या सामुराईने त्या वर्षी ओसाड पडत चाललेल्या किल्ल्यात एक हजार रोपे लावली. त्सुगारूंची राजवट जाऊन दहा-अकरा वर्षेच झाली होती. ज्या किल्ल्याची राखण करण्यात पिढ्या गेल्या, तो आता लोकांनी फुलांखाली बसून दारू पिण्याची जागा होणार, ही कल्पना काही जुन्या सामुराईंना सहन झाली नाही आणि त्यांनी यातील बरीच रोपे उपटून, तोडून टाकली. तरीही काही झाडे तगली. त्यांपैकी एक आजही बागेत उभे असून ते जपानमधील सर्वांत जुने सोमेइ योशिनो समजले जाते. येथे पहिला फुलांचा मेळावा भरला १९१८ मध्ये. आजचे ‘हिरोसाकी साकुरा महोत्सव’ हे नाव त्याला १९६१ पासून मिळाले.

याच किकुची तातेए यांचे नाव आओमोरीत आणखी एका कारणासाठी घेतले जाते, आणि महोत्सवाचे मर्म त्या दुसऱ्या कारणातच आहे. या प्रांतात सफरचंदाची लागवड रुजवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक होते. १८७५ मध्ये सरकारने आओमोरीला सफरचंदाची अवघी तीन रोपे पाठवली होती. आज जपानमधील सुमारे साठ टक्के सफरचंदे या एका प्रांतातून येतात आणि त्यात हिरोसाकीचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे फळबाजारात ‘फुजी’ या नावाने मिळणारी सफरचंदाची जातही हिरोसाकीला लागून असलेल्या फुजिसाकी या गावातील संशोधन केंद्रात तयार झाली. ज्या गावात घरटी कोणीतरी सफरचंदाच्या बागेत राबलेले असते, त्या गावाला फांदी कुठे आणि का कापावी याचे ज्ञान वेगळे शिकवावे लागत नाही.

साकुराच्या बाबतीत मात्र उर्वरित जपानची समजूत नेमकी उलट होती. ‘साकुरा छाटतो तो मूर्ख आणि उमे (जपानी प्लम) छाटत नाही तोही मूर्ख’ अशी तिथे जुनी म्हणच आहे, कारण साकुराच्या कापलेल्या जागेतून बुरशी शिरते आणि खोड आतून कुजत जाते. हिरोसाकीच्या बागेतील माणसांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही म्हण बाजूला ठेवली, सफरचंदाच्या छाटणीची पद्धत साकुराला लावून पाहिली आणि कापलेल्या जागी बुरशीरोधक लेप लावण्याची शिस्त पाळली. जुनी, थकलेली फांदी काढली की खालून नवी फूट येते, उजेड आणि वारा आतपर्यंत पोचतो आणि झाड पुन्हा तरुण लाकडावर फुलू लागते. छाटणी होते ती हिवाळा सरता सरता, बागेत गुडघाभर बर्फ असताना. बहर संपल्यावर झाडांना खत दिले जाते. हे काम पाहणारे वृक्षवैद्य आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या सेवेत असून त्यांच्या पथकाला ‘साकुरामोरी’, म्हणजे साकुराचे राखणदार, असे नाव आहे.

सोमेइ योशिनोचे आयुष्य सुमारे साठ वर्षांचे असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हिरोसाकी पार्कमध्ये शंभरी ओलांडलेली तीनशेहून अधिक झाडे आहेत, आणि ती नुसती जगलेली नाहीत तर भरभरून फुलतात. इतरत्र एका कळीतून तीन-चार फुले उमलतात तिथे येथे चार-पाच, काही वेळा त्याहूनही अधिक उमलतात. हे आकडे वाचून खरे वाटत नाहीत. म्हणून पूर्वेकडच्या खंदकाजवळ मी एका झाडाशी बराच वेळ थांबून पाहिले. खोड इतके जुने की सालीला जागोजाग भेगा पडलेल्या, एका बाजूला शेवाळाचा हिरवट पट्टा, आणि डोक्याच्या थोडे वर हाताच्या पंजाएवढा, कडा गोलाईने भरून आलेला छाटणीचा जुना वण. त्या वणाच्या अगदी खालून बोटाएवढी जाड फांदी बाहेर पडून थेट चेहऱ्यासमोर उतरलेली होती. तिच्यावरचे झुबके एकमेकांना इतके खेटून होते की मधली काडी दिसत नव्हती. एका झुबक्यातली फुले मोजली तर ती सहा भरली. टोकियोत साकुरा पाहताना मान वर करावी लागते. येथे झाडे मुद्दाम बुटकी आणि पसरट राखलेली असल्याने फुले डोळ्यांच्या रेषेत येतात, आणि लहान मुले व चाकांच्या खुर्चीत बसलेले आजी-आजोबासुद्धा ती जवळून पाहू शकतात. फांद्यांना हात लावू नये ही सूचना जागोजाग आहे आणि ती पाळली जाते.

बाग पाहण्याचा क्रम ठरवून घ्यावा, कारण आवार मोठे आहे आणि दमून गेल्यावर सर्वांत चांगले भाग राहून जातात. ओतेमोन या दक्षिणेकडच्या मुख्य दरवाजातून बहुतेक लोक आत शिरतात. त्याआधी बाहेरच्या खंदकाच्या कडेने एक फेरी मारावी. तिथे कोणतेही तिकीट नाही, झाडे पाण्यावर ओणवी झालेली आहेत, आणि सकाळी सातच्या आधी कामावर जाणारे स्थानिक लोक आणि छायाचित्रकार यांखेरीज फारसे कोणी नसते. दरवाजासमोरची महापालिकेची इमारत हे कुनिओ माएकावा या प्रसिद्ध वास्तुशिल्पीचे काम आहे; चंडीगड घडवणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली ते शिकले होते आणि हिरोसाकीत त्यांच्या अनेक इमारती आहेत. वास्तुकलेची आवड असलेल्यांना त्यासाठीच एक वेगळा दिवस काढावासा वाटेल.

आत गेल्यावर लाल कठड्याचा गेजो पूल लागतो. पूल, त्यावर झुकलेले साकुरा आणि मागे पांढरा मनोरा हे चित्र वर्षानुवर्षे महोत्सवाच्या जाहिरातींत वापरले गेले आहे. मात्र येथे एक गोष्ट आधी माहीत असावी. मनोऱ्याखालच्या दगडी भिंतीला फुगवटा आल्याने तिच्या दुरुस्तीसाठी २०१५ मध्ये सुमारे ४०० टन वजनाचा हा संपूर्ण मनोरा न मोडता, रुळांवरून सरकवत बालेकिल्ल्याच्या आत सुमारे ७० मीटर नेण्यात आला. दोर ओढायला नागरिकांनाही बोलावले होते. त्यानंतर भिंतीचे दोन हजारांहून अधिक दगड क्रमांक घालून उतरवले गेले आणि पुन्हा रचण्याचे काम सुरू झाले. त्यामुळे जुन्या छायाचित्रात दिसतो तसाच मनोरा पुलामागे दिसेल, असे गृहीत धरून जाऊ नये; मनोरा कुठे आहे आणि आत प्रवेश आहे की नाही, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहूनच निघावे. माझ्यापुरते सांगायचे तर, एका इमारतीला तिच्या पायाच्या दुरुस्तीसाठी उचलून बाजूला ठेवण्याचा हा खटाटोप पाहून झाडांच्या निगेमागची वृत्ती अधिक नीट कळली.

बागेत प्रवेश विनामूल्य आहे. बालेकिल्ला आणि त्याला लागून असलेल्या उत्तरेकडच्या भागासाठी तिकीट लागते. अलीकडच्या वर्षांत ते प्रौढांना ३२० येन होते आणि वनस्पती उद्यान व फुजिता स्मृती उद्यान यांसह एकत्रित तिकीट ५२० येनला मिळत असे. हे पैसे निश्चित वसूल होतात, कारण बालेकिल्ल्याच्या पश्चिम कडेवरून १,६२५ मीटर उंचीचा इवाकी पर्वत समोर दिसतो. एप्रिलअखेरीसही त्याचे तिन्ही सुळके बर्फाने पांढरे असतात आणि खालच्या उतारावर साकुरांचे छत पसरलेले असते. बालेकिल्ल्यातच शिदारेझाकुरा, म्हणजे लोंबत्या फांद्यांचे साकुरा आहेत. त्यांचा गडद गुलाबी रंग पांढरट सोमेइ योशिनोच्या शेजारी फार खुलतो. ढगाळ दिवशी पर्वत दिसत नाही. म्हणून आकाश मोकळे असेल त्या सकाळी पहिल्यांदा येथेच यावे आणि बाकीचे नंतर पाहावे.

पश्चिमेकडचा खंदक हा गर्दीचा सर्वांत लाडका भाग. एका बाजूला फांद्यांची कमान होऊन झालेला साकुरांचा बोगदा, दुसऱ्या बाजूला रुंद पाणी, मध्ये शुन्यो हा लाल पूल आणि पाण्यात भाड्याने मिळणाऱ्या वल्ह्यांच्या होड्या. सुट्टीच्या दिवशी होडीसाठीची रांग कंटाळा आणते आणि बोगद्यात दुपारी अकरा ते चार या वेळेत चालण्यापेक्षा ढकलले जाणेच अधिक होते. ज्यांना होडी हवीच आहे त्यांनी आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी लवकर यावे. संध्याकाळी दिवे लागल्यावर मात्र हाच भाग पुन्हा पाहावा. दिवे रात्री दहापर्यंत असतात, पाणी स्थिर असले की दोन्ही काठांचा बहर त्यात पुरता उतरतो, आणि रात्रीची गर्दी दिवसाच्या मानाने शांत असते. त्या वेळी थंडी चांगलीच असते. पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, वारा असेल तर त्याहून गार वाटते. टोकियोतील एप्रिल डोळ्यांसमोर ठेवून पातळ कपडे आणणाऱ्यांचे हाल होतात. लोकरीची टोपी आणि जाड जाकीट सोबत असावेच.

आता ज्यासाठी मी पुन्हा जाईन त्या भागाविषयी. सगळे प्रवासी पूर्ण बहराचा दिवस गाठण्यासाठी धडपडतात. माझा सल्ला असा की निवड करायची वेळ आली, तर पूर्ण बहरानंतरचे तीन-चार दिवस निवडावेत. सोमेइ योशिनोच्या फुलाचा मध्य गळण्याआधी लालसर होतो आणि सगळे झाड अधिक गुलाबी दिसू लागते. मग पाकळ्या गळून बाहेरच्या खंदकात साचतात. या खंदकातले पाणी जवळजवळ वाहत नाही. त्यामुळे पाकळ्यांचे सुटे तवंग एकमेकांना मिळत जातात आणि दोनेक दिवसांत काठापासून काठापर्यंत पाणी अजिबात दिसेनासे होते. याला ‘हानाइकादा’, म्हणजे फुलांचा तराफा, म्हणतात आणि इतका दाट थर मी जपानमध्ये दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. जवळ वाकून पाहिले तर प्रत्येक पाकळीच्या टोकाची छोटी खाच स्पष्ट दिसते. कडेच्या पाकळ्या सुकून तपकिरी व्हायला लागलेल्या असतात, मधल्या ताज्या असतात, आणि एखादे बदक पोहत गेले की मागे काळ्या पाण्याची अरुंद वाट उघडून पुन्हा मिटत जाते. हा थर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे रोज जागा बदलतो. सकाळी पूर्वेच्या खंदकात दिसलेला दाट पट्टा दुपारी दक्षिणेच्या कोपऱ्यात सापडतो. मोठा पाऊस झाला तर सगळे विरते. पण मंद वाऱ्याची सकाळ मिळाली तर एवढ्या एका दृश्यासाठी टोकियोहून केलेला प्रवास सार्थकी लागतो, असे मी कोणाही पुष्पप्रेमी माणसाला निःशंकपणे सांगेन.

या महोत्सवाबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार तारखांची आहे. बहर दिनदर्शिका पाहून येत नाही आणि अलीकडच्या काही वर्षांत तो बराच आधी येऊ लागला आहे. पूर्वी २३ एप्रिल ते ५ मे हा काळ अगदी योग्य होता आणि जपानमधील २९ एप्रिल ते ५ मे या गोल्डन वीकच्या सुट्टीत फुले हमखास मिळत. आता ऊबदार वर्षांत अधिकृत उद्घाटनाच्या आधीच सोमेइ योशिनो पूर्ण फुललेले असतात आणि गोल्डन वीकमध्ये येणाऱ्यांना बोगद्याऐवजी कोवळी पालवी पाहावी लागते. २०२३ मध्ये तर बहर इतका लवकर आला की सुट्टीवर विसंबून राहिलेल्या अनेकांची निराशा झाली. आयोजकांनी यावर केलेले उपाय दखल घेण्याजोगे आहेत. बहर आधी आला तर दिवे आणि खाद्यपदार्थांची दुकाने आधी सुरू करतात आणि मार्चअखेरीपासून बागेच्या कोणत्या भागात फुले कोणत्या टप्प्यावर आहेत याची माहिती सतत प्रसिद्ध करतात. हे अंदाज बागेत रोज फिरणारी माणसे कळ्या पाहून देतात, म्हणून ते विश्वासार्ह असतात. तरी भारतातून तीन-चार महिने आधी तिकिटे काढणाऱ्याला याचा मर्यादित उपयोग आहे. टोकियो आणि योकोहामा परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र याचा पुरेपूर फायदा घेता येईल; त्यांनी गोल्डन वीकची वाट न पाहता, अंदाज पाहून एप्रिलच्या मध्यानंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारला जोडून रजा काढावी. भारतातून येणाऱ्यांनी १८ ते २५ एप्रिल हा काळ धरावा आणि हिरोसाकीसाठी एकच दिवस न ठेवता दोन रात्री ठेवाव्यात. सगळी झाडे एकदम फुलत नाहीत, हेही येथे कामी येते: आधी बाहेरचा खंदक, मग आतला भाग, त्यानंतर शिदारेझाकुरा आणि शेवटी दुहेरी पाकळ्यांचे याएझाकुरा असा क्रम असल्याने थोडा उशीर झाला तरी हात अगदीच रिकामे राहत नाहीत.

खाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्यापैकी अनेकांचा प्रवास त्यावर अडतो. महोत्सवात खाद्यपदार्थांची दुकाने ओळीने लागतात, शेजारी भुताचे घर आणि नेमबाजीसारखे जत्रेतले खेळ असतात, आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जागेत कुटुंबेच्या कुटुंबे निळ्या ताडपत्र्या अंथरून बसतात. मांसाहारी लोकांची येथे चंगळ आहे. हिरोसाकीभोवतालच्या त्सुगारू भागात साकुराच्या दिवसांत ‘तोगेकुरिगानी’ नावाचा लहान, काटेरी, केसाळ खेकडा उकडून खाण्याची पद्धत आहे. त्याची चव गोडसर आणि आतला गाभा भरलेला असतो. खेकड्याची सवय असलेल्या कोकणी माणसाने तो अवश्य मागावा. आले घातलेल्या मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, घट्ट रस वरून घातलेले ओदेन (रसात शिजवलेले निरनिराळे तुकडे) ही आओमोरीची खासियत. युद्धानंतरच्या काळात आओमोरी बंदरात बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना थंडीत ऊब मिळावी म्हणून ते विकले जाऊ लागले, असे सांगतात, आणि रात्री खंदकाकाठी ते हातात धरल्यावर तसे का असावे ते पटते.

शाकाहारी माणसाची मात्र अडचण होते, आणि ती मी कमी करून सांगणार नाही. वरकरणी शाकाहारी दिसणाऱ्या बहुतेक पदार्थांत सुकवलेल्या मासळीचे पाणी असते. त्सुगारूत तर ही चव विशेष आवडीची आहे. काडीला लावून विकले जाणारे त्रिकोणी कोन्याकू हे आपल्या सुरणाच्या कुळातील कंदापासून बनते, पण ते ज्या रसात शिजवतात त्यात मासळी असण्याचीच शक्यता अधिक. एका दुकानात मी विचारल्यावर मालकीणबाईंनी प्रथम ‘यात मांस नाही’ असे सांगितले आणि मासळीच्या पाण्याबद्दल नेमके विचारल्यावर ‘ते तर असतेच’ असे प्रामाणिकपणे उत्तर दिले. म्हणून प्रश्न नेमका विचारावा, शक्य तर जपानी भाषेत लिहून न्यावा. तिरंगी दांगो (काडीला लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे), भाजलेले रताळे, लोणी लावलेला बटाटा आणि सफरचंदाचा ताजा रस यांवर एक दिवस निघतो. हिरोसाकीत अ‍ॅपल पाय विकणारी दुकाने इतकी आहेत की त्यांचा स्वतंत्र नकाशा पर्यटन केंद्रात मिळतो. माझ्या मते त्यातला सर्वांत सुखाचा अनुभव फुजिता स्मृती उद्यानाच्या पाश्चात्त्य धाटणीच्या जुन्या घरातील चहागृहात मिळतो, कारण खिडकीबाहेर बाग असते आणि महोत्सवाचा गोंगाट तिथपर्यंत पोचत नाही. जेवणासाठी मात्र सोबत थेपले, मेतकूट, तयार भाताची पाकिटे असे काही ठेवावेच.

राहण्याची सोय हा दुसरा कमकुवत दुवा. शहर मध्यम आकाराचे आहे आणि बहराच्या आठवड्यात खोल्यांचे भाव एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतात. अगदी साध्या, जेमतेम हालचाल करता येईल अशा खोलीसाठी मी मोजलेली रक्कम मला अजूनही अवाजवी वाटते. यावर उपाय म्हणजे आओमोरी शहरात मुक्काम करून रोज रेल्वेने जाणे-येणे. हा प्रवास पाऊण तासाच्या आसपासचा आहे. मात्र मग पहाटेचा खंदक आणि रात्रीचे दिवे दोन्ही एकाच दिवशी पाहणे कष्टाचे होते, म्हणून निदान एक रात्र हिरोसाकीतच काढता आली तर पाहावी. स्थानकावरचे सामानाचे लॉकर सकाळी लवकर भरून जातात. मोठ्या बॅगा घेऊन येऊ नये.

टोकियोहून शिन-आओमोरीपर्यंत शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने सव्वातीन तास आणि तिथून ओउ मार्गाच्या गाडीने सुमारे अर्धा-पाऊण तास, असा हा प्रवास आहे. या मार्गावरच्या हायाबुसा नावाच्या शिनकान्सेन गाड्यांत आरक्षण अनिवार्य असते आणि महोत्सवाच्या काळात खिडकीजवळच्या जागा लवकर जातात. स्थानकापासून बाग दोन किलोमीटरच्या आसपास आहे. शहराची वर्तुळाकार बस आहे, पण सुट्टीच्या दिवशी रस्ते तुंबतात तेव्हा अर्धा तास चालत जाणेच शहाणपणाचे. फलक बहुतेक ठिकाणी इंग्रजीतही आहेत, मात्र झाडांच्या इतिहासाची आणि छाटणीची माहिती देणारे फलक बरेचसे जपानी भाषेतच आहेत. ज्या गोष्टीमुळे ही बाग इतर बागांपासून वेगळी ठरते, तीच परदेशी पाहुण्यापर्यंत पोचत नाही, याची मला खंत वाटते. फुलांखाली छायाचित्रे काढून परतणाऱ्या हजारो पाहुण्यांना ही झाडे अशी का फुलतात हे कळलेलेच नसते. वृक्षवैद्यांसोबत इंग्रजीतून अर्ध्या तासाची फेरी ठेवली, तर मी त्यासाठी आनंदाने वेगळे तिकीट काढीन.

वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: खंदकाकाठचे रस्ते सपाट आहेत, स्वच्छतागृहे पुष्कळ आणि स्वच्छ आहेत, बसायला बाक आहेत, बालेकिल्ल्याकडे जाताना मात्र खडीचा चढ लागतो आणि पावसानंतर तो निसरडा होतो. लहान मुलांना दोन तासांनंतर फुलांचा कंटाळा येतो, तेव्हा जत्रेचा भाग कामी येतो. आणि ज्यांच्या तारखा कशाही केल्या तरी मेच्या पहिल्या आठवड्याआधी जमत नाहीत, त्यांनीही हिरोसाकी रद्द करू नये. त्या सुमारास याएझाकुरा असतात, आणि लगेच मागोमाग शहराबाहेरच्या सफरचंदाच्या बागा फुलू लागतात. महापालिकेच्या सफरचंद उद्यानात त्या फुलांचा छोटा उत्सवही भरतो. पांढऱ्या फुलांच्या रांगांमागे इवाकी पर्वत तिथूनही दिसतो आणि गर्दी साकुराच्या मानाने नगण्य असते. स्थानकावरून बसने जाता येते, परतीच्या बसची वेळ मात्र उतरतानाच पाहून ठेवावी, कारण दुपारनंतर गाड्या विरळ होतात.